आभाळ पाहून उन्हाचा हिशेब: ढगांच्या नोंदीवरून जमिनीवर पोहोचणारे सौर प्रारण कसे काढायचे

"आज मोबाईल सत्तर टक्के ढग दाखवतोय, म्हणजे ऊन तीस टक्के." हे वाक्य मला दर पावसाळ्यात ऐकू येते. कधी द्राक्षबागेचे पाणी ठरवणारे विचारतात, कधी सौरपंप घेतलेले, कधी प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी. हिशेब सगळ्यांचा एकच, आणि तो चुकतो. अर्धे आभाळ ढगांनी भरले म्हणून ऊन अर्धे होत नाही. ते जेमतेम सात टक्क्यांनी घटते. उलट शेवटची एखादी फट बुजली की ऊन एकदम निम्म्याने खाली येते.

मी सांगलीत गच्चीवरून ढगांची नोंद ठेवते. खालची पद्धत त्या वहीवर घासून घेतलेली आहे. सूत्रे जुनी आणि सर्वज्ञात आहेत. घोळ होतो तो पायऱ्यांच्या क्रमात, म्हणून कृपा करून क्रम बदलू नका.

## टप्पा १: तयारी

लागणारे साहित्य थोडे आहे: रेघा मारलेली वही, चहूकडचे आभाळ दिसेल अशी गच्ची किंवा बांध, घड्याळ आणि कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल. नोंदीला बसण्याआधी चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जागा. सांगलीचा अक्षांश १६.८५ अंश उत्तर, रेखांश सुमारे ७४.६ पूर्व, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५५० मीटर. सातारा शहर १७.७ उत्तर, ७४.० पूर्व. अक्षांशातल्या एवढ्या फरकाने उत्तर फारसे हलत नाही. उंचीने थोडे हलते आणि ढगांनी पुष्कळ हलते. त्याबद्दल शेवटच्या टप्प्यात.

स्थानिक मध्यान्ह. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते. सांगली त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला आहे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे लागतात. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण १२:३२ ला. वर्षभरात यात आणखी पाव तासापर्यंत फरक पडतो. फेब्रुवारीच्या मध्याला मध्यान्ह १२:४६ च्या आसपास असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१५ ला आणि जुलैच्या मध्याला १२:३८ ला. साताऱ्यात यात दोनेक मिनिटे मिळवा.

एकके. सगळा घोटाळा इथे होतो. वॉट प्रति चौरस मीटर हा त्या क्षणाचा जोर. युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, ही दिवसभराची बेरीज. पिकाच्या पाण्याची सूत्रे मेगाज्यूल मागतात. १ युनिट = ३.६ मेगाज्यूल. बाष्पीभवनाच्या हिशेबात २.४५ मेगाज्यूल म्हणजे १ मिलिमीटर पाणी.

कोन. एक्सेलला अंश कळत नाहीत, रेडियन लागतात. अंशाला ३.१४१६ ने गुणून १८० ने भागा. जुलैतल्या दुपारी सूर्य क्षितिजाखाली दिसायला लागला तर दुसरे काही शोधू नका, चूक हीच आहे.

## टप्पा २: आधी निरभ्र दिवसाचे छत ठरवा

ढगांनी किती ऊन खाल्ले हे कळायला ताटात किती वाढले होते ते माहीत हवे. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि "कमाल हजार वॉट" धरून चालतात. हजार वॉट हा पॅनेलच्या चाचणीचा आकडा आहे, तुमच्या शेतातल्या डिसेंबरच्या सकाळचा नाही.

वातावरणाच्या वर जेवढे ऊन येते ते फक्त अक्षांश आणि तारखेवर ठरते. सांगलीसाठी प्रत्येक महिन्याच्या १५ तारखेचे आकडे मी काढून देते, म्हणजे त्रिकोणमिती टाळता येईल. दुसरा स्तंभ वातावरणाबाहेरचे ऊन, तिसरा निरभ्र दिवशी जमिनीवर मिळणारे ऊन (दोन्ही मेगाज्यूल प्रति चौरस मीटर प्रति दिवस), चौथा दिवसमान तासांत.

| महिना | वातावरणाबाहेर | निरभ्र छत | दिवसमान |
|---|---|---|---|
| जानेवारी | २८.५ | २१.७ | ११.१ |
| फेब्रुवारी | ३१.९ | २४.३ | ११.५ |
| मार्च | ३५.५ | २७.० | ११.९ |
| एप्रिल | ३८.१ | २९.० | १२.४ |
| मे | ३८.९ | २९.६ | १२.८ |
| जून | ३८.८ | २९.५ | १३.० |
| जुलै | ३८.७ | २९.४ | १२.९ |
| ऑगस्ट | ३८.२ | २९.० | १२.६ |
| सप्टेंबर | ३६.३ | २७.६ | १२.१ |
| ऑक्टोबर | ३२.९ | २५.० | ११.६ |
| नोव्हेंबर | २९.२ | २२.२ | ११.२ |
| डिसेंबर | २७.४ | २०.८ | ११.० |

निरभ्र छताचे सूत्र जगभर वापरले जाणारे आहे:

छत = (०.७५ + ०.००००२ × उंची मीटरमध्ये) × वातावरणाबाहेरचे ऊन

सांगलीला कंसातला आकडा ०.७६१ येतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे ०.७७७. डोंगरावर हवेचा थर पातळ, म्हणून निरभ्र दिवशी ऊन थोडे जास्त.

इशारा. हे छत स्वच्छ हवेचे आहे. एप्रिल-मेमधली धुरकट हवा, ऊस तुटल्यावर जाळलेल्या पाचटाचा धूर, हिवाळ्यात कृष्णाकाठी साचणारे धुके, यातले काहीही ढग म्हणून नोंदले जात नाही, पण ऊन मात्र खाते. आभाळ निळ्याऐवजी पांढुरके दिसत असेल तर वहीत "धुरकट" असा शेरा मारा. हा शेरा टप्पा ८ मध्ये लागेल.

## टप्पा ३: ढग मोजणे

आभाळाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकले ते सांगायचे. एक भाग म्हणजे एक ऑक्टा. ऐकायला सोपे वाटते, पण दोन माणसे एकाच गच्चीवर उभी राहून तीन आणि सहा लिहितात. असे होऊ नये म्हणून क्रम ठरवून घ्या.

आधी उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. डोक्यावरून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन रेघा मनात ओढा. आभाळाचे चार पाव झाले. प्रत्येक पावाला दोन ऑक्टा. एकेका पावातले ढग हलवून एका कोपऱ्यात गोळा केले तर तो पाव किती भरेल, एवढेच ठरवा: रिकामा, अर्धा की पूर्ण. चार आकड्यांची बेरीज हेच उत्तर.

दोन नियम घट्ट धरा. ढगाचा एक तुकडाही दिसला तर नोंद किमान १. निळी फट एवढीशी जरी राहिली तरी नोंद कमाल ७. आठ लिहायचे ते फट अजिबात नसेल तेव्हाच. हा नियम पोकळ शिस्तीसाठी नाही. सात आणि आठ यांच्यात उन्हाचा दुपटीहून जास्त फरक आहे, हे पुढच्या टप्प्यातल्या कोष्टकात दिसेल.

नेहमी होणारी चूक क्षितिजाकडची. कापसाच्या गठ्ठ्यांसारखे ढग डोक्यावर सुटे सुटे दिसतात, मधली निळाई दिसते. तेच ढग दूर दंडोबाच्या डोंगराकडे पाहिले की त्यांच्या बाजू एकमेकींवर चढतात आणि तिकडे भिंत उभी राहिल्यासारखे वाटते. ती भिंत खरी नसते. म्हणून क्षितिजालगतचा पट्टा, साधारण हात लांब करून उघडलेल्या पंज्याएवढा, मोजताना कमी वजनाचा धरा. निर्णय डोक्यावरच्या आभाळावर घ्या.

दुसरी चूक सूर्याकडे पाहून मोजण्याची. सूर्य ढगाआड असला की मन आपोआप "आभाळ भरलंय" म्हणते. सूर्याकडे पाठ करून मोजा. डोळ्यांसाठीही तेच बरे.

धुक्यात आभाळच दिसत नसेल तर वहीत ९ लिहा. हा प्रमाण संकेत आहे. हिशेबात तो तास ८ धरून चालवा.

सावलीची नोंद. ऑक्टाच्या शेजारी आणखी एक छोटी नोंद करा, ती सगळ्यात जास्त कामाला येते. वहीचे कोरे पान सपाट धरून त्यावर पेन उभे करा. सावलीची कड रेखीव असेल तर "ठळक", कड विरघळलेली पण सावली ओळखू येत असेल तर "फिकी", काहीच नसेल तर "नाही". हळद शिजवून वाळत घातलेल्या खळ्यावर मी हे पहिल्यांदा नीट पाहिले. आभाळ पूर्ण झाकलेले होते, वहीत आठ लिहिलेले होते, आणि ताडपत्रीवर पेनाची सावली स्पष्ट पडत होती. ढग होता तो उंचावरचा, पिंजलेल्या कापसासारखा. नुसत्या आठच्या आकड्याने मी त्या दिवशी हळद उचलायला सांगितली असती.

तपासा: पहिले आठ दिवस घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या आणि न बोलता वेगवेगळे आकडे लिहा. एका ऑक्टाचा फरक चालेल. दोनचा पडत असेल तर चार पावांची पद्धत पुन्हा करून पाहा.

## टप्पा ४: ऑक्टावरून घटक

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या दीर्घ नोंदींवरून कास्टेन आणि चेप्लाक यांनी १९८० मध्ये दिलेले सूत्र असे आहे. घटक म्हणजे निरभ्र उन्हाचा किती हिस्सा ढगांखाली जमिनीवर उरतो तो आकडा:

घटक = १ − ०.७५ × (ऑक्टा ÷ ८) चा ३.४ वा घात

| ऑक्टा | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| घटक | १.०० | १.०० | ०.९९ | ०.९७ | ०.९३ | ०.८५ | ०.७२ | ०.५२ | ०.२५ |

ही पट्टी वहीच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटवून टाका. चारपर्यंत रेघ जवळजवळ सपाट आहे, सहानंतर कडा कोसळतो. कारण सरळ आहे. सुट्या ढगांच्या मधून थेट ऊन येत राहते, आणि ढगांच्या पांढऱ्या कडांवरून परावर्तित झालेला उजेडही खाली येतो. कधीकधी तर सूर्य मोकळा आणि शेजारी लखलखीत ढग असा योग आला की काही मिनिटे निरभ्र दिवसापेक्षाही जास्त ऊन मोजले जाते. सौरपंपाच्या कंट्रोलरवर असा उंच आकडा क्षणभर दिसला तर यंत्र बिघडले असे समजू नका.

इशारा. या दोघांनी निरभ्र उन्हाचेही एक सूत्र दिले आहे. ते उत्तर जर्मनीतल्या सपाट प्रदेशाचे आहे, सांगलीला लावले तर जुलैतले छत दहा टक्क्यांहून जास्त खाली येते. त्यांचा घटक घ्या, छत आपले ठेवा. एकाच हिशेबात दोन छते मिसळली की पुढे चूक सापडत नाही.

## टप्पा ५: आधी गुणाकार, मग बेरीज

आता मुख्य पायरी. दिवसभराच्या ऑक्टांची सरासरी काढून तिला एकदाच घटक लावणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. सकाळ पूर्ण झाकलेली (८) आणि दुपारनंतर लख्ख (०) असा दिवस घ्या. सरासरी ४, घटक ०.९३. पण अर्धा दिवस ०.२५ आणि अर्धा १.०० असेल तर खरे उत्तर ०.६२ च्या आसपास आहे. सूत्राची रेघ वाकडी असल्यामुळे सरासरी आधी काढता येत नाही. प्रत्येक तासाचा घटक वेगळा काढा, त्या तासाच्या निरभ्र उन्हाला गुणा आणि शेवटी बेरीज करा.

तासाचे निरभ्र ऊन काढायला सूर्याच्या उंचीच्या कोनाची साइन (उ) लागते. सूत्रातली क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन:

उ = साइन(अक्षांश) × साइन(क्रांती) + कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(क्रांती) × कोसाइन(तासकोन)

क्रांती (रेडियनमध्ये) = ०.४०९ × साइन(०.०१७२१ × वर्षातला कितवा दिवस − १.३९)

तासकोन म्हणजे स्थानिक मध्यान्हापासून जितके तास दूर, तितके × १५ अंश. मग हॉरविट्झ या हवामानशास्त्रज्ञाचे निरभ्र उन्हाचे सूत्र:

निरभ्र ऊन = १०९८ × उ × २.७१८ चा (−०.०५९ ÷ उ) वा घात

१५ जुलै हा वर्षातला १९६ वा दिवस. क्रांती २१.५ अंश. खालच्या कोष्टकातले ऑक्टा मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण पावसाळ्यातला सांगलीचा दिवस बहुधा असाच असतो: सकाळी मळभ, दुपारी थोडी उघडीप, संध्याकाळी पुन्हा झाकोळ.

| वेळ | निरभ्र (वॉट) | ऑक्टा | घटक | ऊन (वॉट) |
|---|---|---|---|---|
| ६:४० | ६७ | ८ | ०.२५ | १७ |
| ७:४० | ३१० | ८ | ०.२५ | ७८ |
| ८:४० | ५४४ | ८ | ०.२५ | १३६ |
| ९:४० | ७४६ | ७ | ०.५२ | ३८८ |
| १०:४० | ९०१ | ७ | ०.५२ | ४६९ |
| ११:४० | ९९८ | ६ | ०.७२ | ७१९ |
| १२:४० | १,०३२ | ६ | ०.७२ | ७४३ |
| १३:४० | ९९८ | ५ | ०.८५ | ८४८ |
| १४:४० | ९०१ | ६ | ०.७२ | ६४९ |
| १५:४० | ७४६ | ७ | ०.५२ | ३८८ |
| १६:४० | ५४४ | ८ | ०.२५ | १३६ |
| १७:४० | ३१० | ८ | ०.२५ | ७८ |
| १८:४० | ६७ | ८ | ०.२५ | १७ |

निरभ्र स्तंभाची बेरीज ८,१६४ वॉट-तास, म्हणजे ८.१६ युनिट किंवा २९.४ मेगाज्यूल. टप्पा २ च्या कोष्टकातले जुलैचे छतही २९.४. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की पुढे जा. एखाद-दुसऱ्या मेगाज्यूलपेक्षा जास्त फरक असेल तर आधी रेडियन तपासा, मग मध्यान्हाची वेळ.

शेवटच्या स्तंभाची बेरीज ४,६६६ वॉट-तास. म्हणजे ४.६७ युनिट किंवा १६.८ मेगाज्यूल.

आता हाच दिवस चुकीच्या वाटांनी काढून पाहा. सरासरी ऑक्टा ७.०८ काढून एकदाच घटक लावला तर ४.१३ युनिट. सकाळी ८:३० आणि संध्याकाळी ५:३० एवढ्याच दोन नोंदी घेतल्या तर दोन्ही वेळा ८, उत्तर २.०४ युनिट. आणि "जितके टक्के ढग तितके ऊन कमी" या हिशेबाने ०.९४ युनिट. एकच आभाळ, पण उत्तरांत पाच पटींचा फरक.

दोन नोंदींचा मुद्दा मुद्दाम सांगते. हवामान विभागाच्या अनेक वेधशाळांत ८:३० आणि ५:३० या वेळा ठरलेल्या आहेत, आणि हवामानाच्या कामासाठी त्या योग्यच आहेत. पण वरच्या कोष्टकात १०:४० ते १४:४० या पाच नोंदींत दिवसाच्या निरभ्र उन्हाचा जवळजवळ साठ टक्के वाटा आहे. तेवढ्यात आभाळ कसे होते हे त्या दोन वेळांना माहीत नसते. मे महिन्यात तर उलटे होते. सकाळ लख्ख, संध्याकाळी वळवाचे ढग दाटलेले, आणि दोन्हींच्या सरासरीतून मधल्या दुपारबद्दल काहीच हाती लागत नाही.

दर तासाला गच्चीवर जाणे प्रत्येकाला जमणार नाही. मग चारच वेळा जा, पण त्या ९:४०, ११:४०, १३:४० आणि १५:४० अशा निवडा. मधल्या तासांना शेजारचा आकडा द्या. सकाळ-संध्याकाळच्या कडेला चूक झाली तरी उन्हाचा वाटा तिथे लहान आहे.

## टप्पा ६: ढग कोणता, ते पाहून दुरुस्ती

घटकाचे कोष्टक सरासरी ढगांचे आहे. पूर्ण झाकलेल्या आभाळातून प्रत्यक्ष किती ऊन येते हे ढगाच्या जाडीवर ठरते. त्याच हॅम्बुर्गच्या अभ्यासातले आकडे सुमारे असे:

- उंचावरचे पातळ, तंतुमय ढग: ०.६१
- मधल्या उंचीचे राखी थर किंवा मेंढरांच्या कळपासारखे ढग: ०.२७
- खालचा एकसंध थर, ज्याला आपण मळभ म्हणतो: ०.१८
- संततधार पावसाचा काळपट थर: ०.१६

ऑक्टा ८ असेल तेव्हा ०.२५ ऐवजी यातला आकडा घ्या. सावलीची नोंद इथे निकाल देते. ऑक्टा ८ आणि सावली ठळक किंवा फिकी, तर पहिली ओळ. सावली नाही आणि पाऊस सुरू, तर शेवटची. ऑक्टा आठपेक्षा कमी असताना प्रकाराची दुरुस्ती करू नका. त्या ठिकाणी फटींचा प्रभाव मोठा असतो.

मोबाईलवरच्या टक्क्यांची अडचणही हीच आहे. तो आकडा बहुधा सगळ्या थरांचा मिळून असतो. उंचावर पातळ पडदा पसरला की अ‍ॅप शंभर टक्के दाखवते आणि बाहेर पापड वाळत असतात. अ‍ॅप खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे देत असेल तर वापरा, नाहीतर स्वतःच्या डोळ्यांवर विसंबा.

## टप्पा ७: उत्तर दुसऱ्या वाटेने तपासा

मर्यादा. उत्तर निरभ्र छतापेक्षा जास्त येता कामा नये. वातावरणाबाहेरच्या उन्हाच्या दहा टक्क्यांपेक्षा खाली आले तर तेही संशयास्पद. आपले १६.८ भागिले ३८.७ म्हणजे ०.४३, ढगाळ दिवसाला साजेसे.

उन्हाचे तास. सावली ठळक होती असे तास मोजा, दिवसमानाने भागा आणि हे सूत्र लावा:

ऊन = (०.२५ + ०.५० × उन्हाचे तास ÷ दिवसमान) × वातावरणाबाहेरचे ऊन

समजा त्या दिवशी ४ तास मिळाले. ४ ÷ १२.९ = ०.३१. उत्तर १५.७ मेगाज्यूल. ढगांवरून काढलेल्या १६.८ शी बऱ्यापैकी जुळते. उन्हाच्या तासांची खरी नोंद मिळत असेल तर ढगांपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवा, ती डोळ्यांच्या अंदाजावर अवलंबून नसते.

तापमान. कमाल आणि किमान तापमानातल्या फरकाचे वर्गमूळ × ०.१६ × वातावरणाबाहेरचे ऊन. कमाल २९, किमान २२ असेल तर फरक ७, वर्गमूळ २.६५, उत्तर १६.४. ढगाळ दिवशी दिवस तापत नाही आणि रात्र निवत नाही, त्यावर हे सूत्र उभे आहे. एका दिवसासाठी ते ढोबळ आहे, आठवड्याच्या सरासरीसाठी चांगले.

तिन्ही उत्तरे पंधरा-वीस टक्क्यांच्या आत असतील तर ढगांचे उत्तर वहीत पक्के करा. एकच फटकून असेल तर ते का, याचा शेरा लिहा. उत्तर पुसू नका.

## टप्पा ८: आपल्या गावाचा आकडा बसवा

०.७५ आणि ३.४ हे आकडे हॅम्बुर्गचे आहेत, तासगावचे नाहीत. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा नोंदी झाल्यावर ते आपल्या गावाला बसवून घ्या.

मोजमापासाठी महागडे यंत्र नसले तरी छतावरच्या सौर संचाचा इन्व्हर्टर असतो. त्यावर तासाची किंवा दिवसाची युनिट दिसतात. ढगाळ तासाची युनिट त्याच वेळेच्या निरभ्र तासाच्या युनिटने भागली की मोजलेला घटक मिळतो. निरभ्र दिवस आगेमागे पंधरा दिवसांतलाच घ्या. जुलैत अख्खा दिवस निरभ्र मिळणे कठीण, पण उघडीपीचा एखादा तास मिळतो, तेवढा पुरतो.

यात चार खाचा आहेत:

- पॅनेल दक्षिणेकडे कललेले असते. मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सांगलीत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे या काळातली युनिट मार्चच्या युनिटशी ताडू नका.
- गरम पॅनेल कमी वीज देते. ढगाळ दिवशी ते थंड राहते, म्हणून मोजलेला घटक खऱ्यापेक्षा किंचित जास्त दिसतो.
- पॅनेल धुतल्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करू नका.
- सौरपंपाची युनिट या कामाला चालत नाहीत. विहीर आटली किंवा पाणी पुरे झाले की पंप थांबतो, आणि वहीत ते ढगांच्या नावावर जाते.

आता ऑक्टा ८ आणि खालचा थर असलेले सगळे तास वेगळे काढा. त्यांच्या मोजलेल्या घटकांची सरासरी ०.२० आली तर ०.७५ च्या जागी १ − ०.२० = ०.८० घाला. ३.४ ला इतक्यात हात लावू नका. ६ आणि ७ च्या तासांत मोजलेले घटक सातत्याने एकाच बाजूला पडत असतील तरच तो बदला. मोजलेले कमी येत असतील तर ३.४ कमी करा, जास्त येत असतील तर वाढवा. ० ऑक्टाच्या आणि "धुरकट" शेऱ्याच्या तासांवरून टप्पा २ च्या छताची दुरुस्ती निघते.

एका गावाचे आकडे दुसऱ्याला देताना मात्र फार जपा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर, कोयनेचा पट्टा एका टोकाला आणि माण, खटाव दुसऱ्या टोकाला. अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढग जमिनीला टेकलेला असतो, दिवसच्या दिवस ९ लिहावा लागतो, आणि त्याच दुपारी माणमधल्या दहिवडीत तेच ढग फाटून सुटे झालेले असतात. उपग्रहावर आधारलेली नासाची मोफत माहिती मिळते, पण सौर प्रारणासाठी तिचा चौकोन सुमारे एक अंशाचा, म्हणजे शंभरेक किलोमीटरचा असतो. त्या एका चौकोनात घाटमाथा आणि पर्जन्यछाया दोन्ही येऊ शकतात. ती माहिती महिन्याच्या सरासरीशी ताडायला घ्या. आजच्या दिवसासाठी गच्चीवरची वही घ्या.

सांगली जिल्ह्यातही जतचे आकडे शिराळ्याला लावू नका. वहीच्या प्रत्येक पानावर गावाचे नाव लिहा आणि बसवलेला आकडा त्या गावापुरताच ठेवा. नोंदीची ओळ एवढीच असू द्या: तारीख, वेळ, ऑक्टा, सावली, ढगाचा प्रकार, शेरा. हिशेब रात्री केला तरी चालतो. नोंद मात्र आभाळाखाली उभे राहून त्याच वेळी करावी लागते.